दाखवा म्हणणारे ढवळे सर

बँकेत कुणी माझ्यासमोर फॉर्म सरकवून "इथं, इथं आणि इथं" असं बोट ठेवलं की माझा हात पेनाकडे न जाता चष्म्याकडे जातो. मी वाचायला बसते. मागची रांग खोकायला लागते, काउंटरवरची मुलगी घड्याळ बघते आणि माझे यजमान खिडकीशी जाऊन, आपण या बाईंबरोबर आलेलोच नाही, असा चेहरा करून उभे राहतात. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मला हे असं बिघडवलं ढवळे सरांनी. आणि सरांना कुणी बिघडवलं, ते सांगायला मी आज बसले आहे.

परभणीचं आमचं लॉ कॉलेज म्हणजे एका हायस्कुलाच्या मागच्या बाजूच्या तीन खोल्या. बाकं पाचवीच्या मुलांच्या मापाची. वर्ग सकाळी सातला भरायचा, कारण निम्मे विद्यार्थी दहाच्या ठोक्याला कुठल्या ना कुठल्या कचेरीत हजर व्हायचे. चाळिशीला आलेले कारकून गुडघे पोटाशी घेऊन त्या बाकांवर बसत. आम्ही मुली पाच. मी मानवतहून येऊन मावशीकडे राहत होते आणि माझ्या शेजारी सुमन बसायची. ती राणीसावरगावची, शेतकऱ्याची मुलगी, आणि तिला भीती हा प्रकार देवाने द्यायचाच विसरला होता.

पहिल्या दिवशी ठेंगणे, काटक, केस उभे राहिलेले एक गृहस्थ सायकल दाराला टेकवता टेकवताच बोलू लागले. अंगातला काळा कोट इतका जुना की उन्हात हिरवट दिसायचा. ते आत आले आणि पहिल्या बाकावरच्याला नाव विचारलं. तो होता कदम, बांधकाम खात्यातला कारकून, आमच्यात वयानं मोठा. कदमांनी उभं राहून नाव सांगितलं.

"दाखवा," सर म्हणाले.

कदमांना कळेना. नाव कसं दाखवायचं? सर पुढच्याकडे वळले. त्यानं नाव सांगितलं, पुन्हा "दाखवा." असं करत सगळा वर्ग झाला. आईबापांनी ठेवलेलं, आयुष्यभर वापरलेलं नाव, पण दाखवायला कुणाकडे काही नाही. शेवटी कदमांनी सदऱ्याच्या खिशातून एसटीचा पास काढला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तो पास वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला आणि कदमांशी हस्तांदोलन केलं. या खोलीत सध्या कायद्याच्या दृष्टीनं एकच माणूस आहे, बाकी सगळी अफवा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एकूण एक जण शाळा सोडल्याचे दाखले घेऊन आलो होतो. तेव्हापासून ते आमचे दाखवा सर.

हिंदू कायदा आणि मालमत्तेचा कायदा ते शिकवायचे. आम्हाला पहिल्या दिवसापासून वकीलसाहेब आणि वकीलबाई म्हणायचे. कोटाच्या खिशात चिठ्ठ्या, बसची तिकिटं, बडीशेप आणि खडू एकत्र नांदत, त्यामुळे त्यांनी दिलेली बडीशेपही पांढरी असायची. उत्साह फार झाला की ते एक चप्पल काढत आणि एकाच पायात चप्पल घालून वर्गभर फिरत. दोन्ही निघाल्या की आम्ही समजून जायचो, आज कारकून मंडळींचा कचेरीत लेटमार्क लागणार. बोलणं शुद्ध मराठीत सुरू व्हायचं, पहिल्या चपलेबरोबर ते वालूरचं व्हायचं आणि दुसरीबरोबर त्यात उर्दू यायची. त्यांची शाळा निजामाच्या अमलातली. शाळेत अलीफ, बे. मराठी अक्षरं त्यांना शिकवली ती त्यांच्या थोरल्या बहिणीनं, चुलीतल्या राखेत बोटानं काढून. ती स्वतः ती अक्षरं देवळातल्या पोथीवाचनाला बसून शिकली होती. "माझी पहिली मास्तर म्हंजी आक्का," हे सरांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की न बघितलेल्या आक्का आम्हाला कॉलेजच्या प्राध्यापकांपैकीच एक वाटायच्या.

त्या दिवसांत आमच्याकडे दुसरा कुठला विषयच नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि नाव काही बदललं नव्हतं. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिथं जाल तिथं तेच. आमच्या वर्गात वाघमारे नामांतराच्या बाजूचे आणि कदम विरुद्ध. दोघं आधी एकाच सायकलवर कॉलेजला यायचे. मग बोलणं थांबलं, मग बाकं बदलली. सरांना कुणी त्यांचं मत विचारलं की ते म्हणत, विधिमंडळानं ठराव केलाय, तो दाखवू का? आणि खरंच कोटाच्या खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढत. कदम त्यावर मान फिरवत. सरांनी ते बघून ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्षी सरांनी ते सुरू केलं, ज्याला ते मोठ्या अभिमानानं आपलं संशोधन म्हणत. वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला त्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती. हा कायदा आपल्या जिल्ह्यात पोहोचला का, एवढाच प्रश्न. पुस्तकात उत्तर नव्हतं. सर म्हणाले, उत्तर चावडीत आहे. जमिनीचा मालक मेला की वारसांची नावं लावताना तलाठी एका वहीत नोंद करतो. ती फेरफाराची वही. दोघादोघांनी एकेका गावाला जायचं, बाप मेल्यावर मुलीच्या नावाचं काय झालं ती नोंद शोधायची, शब्दाला शब्द उतरवून आणायची आणि वर्गात वाचायची. प्रत्येक नोंदीला सर तीन प्रश्न ठरवून देत. बाईला विचारलं का? समजावून सांगितलं का? आणि सही कुणाची?

पहिलीच जोडी त्यांनी लावली कदम आणि वाघमारे यांची, गाव राणीसावरगाव. दोघांनीही वेगवेगळं जाऊन सरांना सांगून पाहिलं. सरांनी दोघांना एकच उत्तर दिलं, नावावर भांडा, पण एका वहीवर बसून भांडा. ते दोघं एसटीच्या दोन टोकांना बसून गेले. परत आले ते एका नोंदीतल्या अक्षरावरून जोरजोरात वाद घालत. वर्गात वाचताना कदम मध्येच थांबून म्हणाले की ही नोंद वाघमारेंच्या नजरेला पडली, माझ्या नाही. नामांतरावर त्यांचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा एकच आली आणि सरांनी त्या आनंदात दोन्ही चपला काढल्या.

मग आम्हाला वेडच लागलं. रविवार कसा जाईल, सोमवारी कुठली जोडी काय वाचेल, याशिवाय डोक्यात काही नसायचं. आणि गंमत अशी की जोड्या कुठल्याही गावाहून येवोत, नोंदीत तेच शब्द. "सदरील बाईने बंधुप्रेमापोटी राजीखुशीने आपला हक्क सोडला आहे. निशाणी डावा अंगठा." जणू काही साऱ्या जिल्ह्यातल्या बहिणींनी एका रांगेत बसून एकच वाक्य पाठ केलं होतं. सुमनने हे फळ्यावर लिहून काढलं, गावाखाली गाव, आणि वर्ग हसायला लागला. सर हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, यातल्या किती नोंदींना रजिस्टर केलेला दस्त जोडलाय? सुमननं वही चाळली. एकालाही नाही. सगळे नुसते तलाठ्यापुढचे जबाब.

सरांची पहिली चप्पल निघाली. कायदा काय म्हणतो, त्यांनी विचारलं. मागून वाघमारे सावकाश म्हणाले की जमिनीतला हक्क नुसत्या जबाबानं सुटत नाही, नोंदलेला दस्त लागतो. आणि फेरफाराची नोंद? ती सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा हे कळण्यापुरती, तिच्यानं मालकी येत नाही आणि जातही नाही. हे सगळं आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. पण पाठ केलेलं आणि फळ्यावरचं शेजारी शेजारी आलं तेव्हा सुमन खडू हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"सर, मग या बायांचा हक्क गेलाच न्हाई?"

दुसरी चप्पल निघाली. वर्गात असा गलका झाला की हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी शिपाई पाठवला. मला वाटलं, आपण तीन खोल्यांच्या कॉलेजातली, पाचवीच्या बाकांवर बसणारी माणसं, आणि आपल्याला असं काही सापडलंय जे तलाठ्याला, तहसीलदाराला, त्या बायांनाही माहीत नाही. सर दारात अनवाणी उभे राहून शिपायालाच वारसा कायदा समजावून सांगत होते.

पुढच्या फेरीत मला आणि सुमनला चिठ्ठी निघाली वालूरची. सर खूश झाले. म्हणाले, माझं गाव आहे, पण तलाठ्याला माझं नाव सांगू नका, नाहीतर तो चहा पाजून परत पाठवेल.

आम्ही शनिवारी सेलूवरून वालूरला गेलो. चावडीत तलाठ्यानं आमचा अर्ज दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि मग वह्या पुढे टाकल्या. सुमन वाचायची, मी लिहायची. दुपारपर्यंत आमच्याकडे चांगला गठ्ठा जमला. मग सुमन वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, पुढं. तिनं वही माझ्याकडे फिरवली.

मयत निवृत्ती ढवळे, राहणार वालूर, यांची स्वतः खरेदी केलेली जमीन. वारस मुलगा दत्तात्रय व मुलगी गयाबाई. पैकी गयाबाई हिने बंधुप्रेमापोटी राजीखुशीने हक्क सोडला. निशाणी डावा अंगठा. आणि त्याखाली, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली, सही. ती सही आम्ही रोज हजेरीपटावर बघत होतो.

मला पहिल्यांदा वाईट वाटलं ते वही उघडल्याचं. सुमन मात्र सहीकडे बघतच नव्हती. तिचं बोट अंगठ्यावर होतं.

"आक्काला तर लिहिता येतं ना गं?" ती म्हणाली. "मग हा अंगठा कुणाचा?"

परतीच्या बसमध्ये आम्ही भांडलो. मी म्हणत होते, हे पान गाळू. आपल्याकडे ढीगभर नोंदी आहेत, एक नसली तर काय बिघडलं? सरांना चाळीस जणांसमोर खाली बघायला लावायचं? सुमन म्हणत होती, मग उद्या माझ्या आत्यांची नोंद निघाली की तीही गाळ. परभणी येईपर्यंत आमचं ठरलं नाही.

सोमवारी सुमन वाचायला उभी राहिली. एकेक नोंद वाचली, तीन प्रश्न झाले, सरांनी गावच्या माणसांची नावं ऐकून मधूनमधून "हा आमच्या शेजारचा" असं कौतुकानं सांगितलं. शेवटी सुमन थांबली. सर म्हणाले, पुढं? ती म्हणाली, झालं सर. मी तिच्याकडे बघितलं. भीती नसलेल्या मुलीचा आवाज बारीक झाला होता.

सरांची नजर तिच्या हाताकडे गेली. एक कागद घडी घालून मुठीत होता.

"ते काय हाय?"

"काही न्हाई सर."

"दाखवा."

तिनं दिला. सरांनी उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मला वाटलं, आता कागद त्या कोटाच्या खिशात जाईल आणि बडीशेपीबरोबर राहील. त्यांनी तो सुमनला परत दिला आणि वाचा म्हणाले. सुमननं वाचला. वाचून होईपर्यंत सर जाऊन पहिल्या बाकावर, कदमांशेजारी बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. चपला दोन्ही पायात होत्या.

"विचारा," ते म्हणाले. "तीन प्रश्न हायत. विचारा."

शेवटी कदम उठले. ते खाली बघून बोलत होते. बाईला विचारलं का? सर म्हणाले, न्हाई. समजावून सांगितलं का? न्हाई. तिसरा प्रश्न कदमांना विचारवेना, तो वाघमारेंनी मागून विचारला. सही कुणाची?

"दस्तखत माझी हाय," सर म्हणाले. "वकिलीची सनद आणायला निघालो होतो. बस सुटायली होती. चुलत्यानं कागद धरला अन् मनला, हितं कर. मी केली. वाचला न्हाई." मग म्हणाले, "अंगठा आक्काचा न्हाई. आक्का अंगठा कामून लावंल? तिनं मला क शिकवलाय."

सनद आणायला निघालेला वकील कागद न वाचता सही करून बसमध्ये चढला, आणि पुढं कित्येक वर्षं पोरांना सांगत राहिला की वाचल्याशिवाय सही करू नका. हे त्यांचं त्यांनाच त्या बाकावर बसल्या बसल्या कळत होतं, आणि आम्हाला ते कळताना दिसत होतं. आक्कानं खुशीनं सोडलं असेल असंच ते धरून चालले होते. विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर त्या तासाला कमी झाला नाही. उलट त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि लाजेनं मी पडले नाही.

त्यांच्या घरी त्यानंतर काय झालं ते आम्हाला कळलं नाही. सरांचा पगार जेमतेम, तोही वेळेवर नाही, घर चालायचं ते वालूरच्या रानावर. त्यातलं निम्मं जाणार, ही काही चहाबरोबर सांगायची गोष्ट नव्हे. आठ दिवस सरांना घरून डबा मिळाला नाही, एवढंच आम्ही बघितलं. मग एके दिवशी डबा दिसला, आणि सरांनी मला विचारलं, तुमचं मानवत ना? आक्का तिथंच दिली आहे. रविवारी चला. सुमनबाईंनाही घ्या, कागद त्यांनी आणलाय.

आक्का मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत राहायच्या. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. सरांसारख्याच ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. भाऊ अवेळी आला म्हणून त्या आधी घाबरल्या, मग पोरी बरोबर आहेत बघून पाणी आणायला उठल्या. सरांनी त्यांना बसवलं आणि कागद हातात दिला. सबंध वाटेत ते काय काय बोलायचं ते घोकत आले होते. तिथं एवढंच म्हणाले, वाच.

आक्कांनी कागद सुपावर ठेवला आणि अक्षरावर बोट ठेवत ठेवत वाचला, ओठ हलवत. बोट अंगठ्यापाशी थांबलं.

"ह्यो माझा न्हाई," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, माहीत आहे.

"मला वाटलं, तूच ठरवलंस," आक्का म्हणाल्या. "दरसाली साडी आणायलास. मी मनायची, दत्तूला ठावं हाय सगळं, अन् तोंडानं बोलवंना म्हणून साडी आणायलाय."

सर रडले. मोठा माणूस असा आमच्यादेखत रडलेला मी तोवर बघितला नव्हता. सुमन ज्वारीकडे बघत बसली, मी गल्लीकडे. थोड्या वेळानं सरांनी नाक पुसलं आणि घाईघाईनं, कायद्याच्या भाषेत, बोलायला सुरुवात केली. बापानं स्वतः घेतलेली जमीन, दोन वारस, निम्मं निम्मं, हक्क कधी गेलाच नव्हता, नोंदीला अर्थ नाही, आता नाव लावायचं आणि वाटप करायचं. आक्कांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"विचारायलास का सांगायलास?"

तो त्यांचाच पहिला प्रश्न होता, फक्त आक्कांनी तो कुठल्या वर्गात न बसता काढला होता.

"विचारायलोय," ते म्हणाले. "आक्का, तुझा वाटा तुला पायजे का?"

मला वाटत होतं, आता आक्का म्हणतील, मला काय करायचं रे, तुलाच राहू दे. आम्ही ऐकलेल्या सगळ्या बहिणी तसंच म्हणाल्या असत्या, म्हणजे तसं लिहिलेलं होतं. आक्कांनी निवडलेली ज्वारी डब्यात ओतली आणि डब्याचं झाकण लावलं.

"पायजे," त्या म्हणाल्या. "वढ्याकडचं दे. अन् साडी बी आणत जा."

सुमनला हसू फुटलं, मग मला, मग सरांना. सर उठून ओट्यावरून खाली उतरले ते गल्लीत एका चपलेवर उभे होते. आक्कांनी आम्हाला पोहे केल्याशिवाय सोडलं नाही, आणि पोहे खाताना सर सगळा वेळ वालूरच्या ओढ्याकडची माती किती चांगली हेच सांगत होते.

सेलूच्या तहसील कचेरीत गेलो तो दिवस आमच्या वर्गानं सणासारखा साजरा केला. कदमांनी रजा टाकली होती, वाघमारे आदल्या दिवशी जाऊन अर्जाचा नमुना घेऊन आले होते. अर्ज सरांनी लिहिलेला, वारस म्हणून आक्कांचं नाव लावावं आणि जमिनीचं वाटप करून द्यावं म्हणून, दोघांच्या सहीचा. आत टेबलाशी भाऊ-बहीण उभे, आम्ही दारात दाटीवाटीनं. कारकुनानं अर्ज चाळला, शिक्का मारला आणि वर न बघता, रोजच्या सवयीनं, शाईचा पॅड आक्कांसमोर सरकवला. अंगठा, तो म्हणाला.

आक्कांनी दोन बोटांनी पॅड परत त्याच्याकडे ढकलला आणि हात पुढे केला. कारकून बघत राहिला. सरांनी कोटाला दोऱ्यानं बांधलेलं आपलं पेन काढून दिलं. दोरा आखूड होता, त्यामुळे आक्का लिहीपर्यंत सरांना टेबलावर वाकून राहावं लागलं. ग, या, बा, ई. एकेक अक्षर, आणि सगळ्यात शेवटी वरची रेघ, डावीकडून उजवीकडे. राखेत काढायच्या तशीच असणार. वाघमारेंनी टाळी वाजवायला हात उचलले होते ते कदमांनी धरले, कारण कचेरी होती.

मग सरांनी पेन घेतलं आणि आनंदाच्या भरात कागदावर टेकवलं.

"दत्तू," आक्का म्हणाल्या, "वाचलंस का?"

सर म्हणाले, अगं मीच लिहिलाय. आक्का त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. सरांनी पेन खाली ठेवलं, खिशातून चष्मा काढून लावला आणि पहिल्या ओळीपासून, तारीख आणि गावाच्या नावासकट, मोठ्यानं वाचायला लागले. कारकून थांबला, शेजारच्या टेबलावरचा थांबला, मागची माणसं ऐकायला पुढं आली. सर वाचत गेले. शेवटची ओळ त्यांनी पुरी केली, आणि मग ती लांब शेपटीची सही.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं आणि मी परभणी सोडली. तिसरं वर्ष मी दुसरीकडून केलं. सर पुन्हा मला भेटले नाहीत, म्हणून ते आठवले की सेलूचा स्टँड आठवतो. आमची एसटी सुटत होती आणि मी खिडकीतून बघत होते. सर रस्त्यानं भर उन्हात अनवाणी चालले होते, हात हवेत, काहीतरी तावातावानं समजावत. आक्का त्यांच्या दोन पावलं मागं होत्या. त्यांच्या एका हातात अर्जाची पोच होती आणि दुसऱ्या हातात सरांच्या दोन्ही चपला.